एका ओळीचा उशीर

तिसऱ्यांदा बाहेर फेकली गेली तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

बाहेर म्हणजे ऑफिसबाहेर नव्हे. नोकरीला लागून तिला आठवडाही झाला नव्हता, इतक्यात कोण काढतंय! तिला बाहेर काढत होतं ते वेब ॲप… तेच, ज्याला लॉगिन बसवायचं काम आल्या आल्या तिच्या गळ्यात पडलं होतं. थोडा वेळ सगळं सुरळीत चालायचं आणि मग एकाएकी तिचाच पासवर्ड तिलाच चुकीचा म्हणून सांगितला जायचा. कारण तिला ठाऊक होतं. लॉगिनची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला आणि आपण आयता घेतलेला कोड, अजून पुरती बसवून झाली नव्हती. अशा कच्च्या अवस्थेत ती लायब्ररी दर वेळी ॲप सुरू झालं की स्वतःच्या मनाने एक नवा लांबलचक पासवर्ड तयार करते आणि ज्या मशीनवर ॲप चालतंय त्याच्या स्क्रीनवर दाखवते. पासवर्ड सारखा बदलतोय, म्हणजे कुणीतरी ॲप सारखं बंद-चालू करतंय.

चाचणीचं मशीन वरच्या मजल्यावर होतं. उघडा लॅपटॉप तसाच छातीशी धरून ती जिना चढली आणि वरच्या खोलीचं दार तिने खांद्याने ढकललं.

खोलीत एकच माणूस होता, आणि तोही टेबलाखाली. दिसत होते ते फक्त पाय. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात करडा.

"ॲप कोण बंद करतंय?" तिने त्या पायांनाच विचारलं.

"मी," टेबलाखालून आवाज आला. "तुम्ही कोण?"

"मी लॉगिन बसवतेय!"

"अच्छा… म्हणजे माझे रिपोर्ट ज्यांनी बंद पाडले त्या तुम्हीच!"

मग तो बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, हातात वायरीचं टोक आणि चेहऱ्यावर असं हसू, की भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत व्हावी. तिचीही झाली. पण ती घरून निघतानाच कुणाशी तरी भांडायचं ठरवून निघाल्यासारखी आली होती, त्यामुळे तिने नेटाने भांडण चालू ठेवलं.

भांडणातून जे निघालं ते असं. ॲप होतं किडनीच्या एका दवाखान्यासाठी. पेशंटचे रक्ताचे रिपोर्ट घरच्यांना घरबसल्या बघता यावेत, एवढ्यासाठी. एका रिपोर्टपायी कुणाला तासन्‌तास रांगेत बसावं लागू नये. रिपोर्टचा भाग त्याने काही वर्षांपूर्वी लिहिला होता आणि आता लॉगिन जोडताना तो नीट चालावा म्हणून त्याला पुन्हा बोलावून घेतलं होतं. तिची लॉगिनची लायब्ररी आणि त्याची रिपोर्टची लायब्ररी, दोघींना आणखी एक तिसरी मदतनीस लायब्ररी लागत होती. फक्त तिच्या लायब्ररीला त्या मदतनिसाची नवी आवृत्ती हवी होती आणि त्याच्या लायब्ररीला जुनी. ॲपमध्ये एका वेळी एकीलाच जागा. तिने नवी घातली की त्याचे रिपोर्ट कोरे छापून यायचे. त्याने जुनी परत आणली की तिचं लॉगिन सुरू होतानाच तोंडावर आपटायचं.

"थोडक्यात, आपण दोघं रोज एकमेकांचं काम पाडतोय," ती म्हणाली.

"आणि अगदी मन लावून पाडतोय," तो म्हणाला. "बसा ना. खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही."

ती बसली. खुर्ची खरंच डुगडुगत होती. त्याने न बोलता कागदाची घडी करून तिच्या पायाखाली सरकवली आणि तिथेच त्यांचा तह झाला. सकाळी नवी आवृत्ती, दुपारी जुनी. आणि दर वेळी ॲप सुरू केलं की स्क्रीनवर दिसलेला नवा पासवर्ड त्याने तिला फोन करून वाचून दाखवायचा.

लिहून पाठवता आला नसता का? आला असता की! पण हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. निदान सुचल्याचं कुणी दाखवलं तरी नाही.

त्या पासवर्डात आकडे असायचे आणि इंग्रजीतली पहिली पाच-सहा अक्षरं. फोनवर ती सगळी सारखीच वाटतात, म्हणून तो प्रत्येक अक्षराला शब्द जोडायचा.

"सात… डी, डोकेदुखीचा. चार… बी, बडबडीचा. नऊ… सी, चिडकीचा."

"हे शब्द तुम्ही माझ्यावरून काढताय का?"

"छे, छे! पासवर्डच तसा आलाय, मी काय करू? पुढे घ्या. एफ… फुरंगटलेलीचा."

"आणि ई?"

"ई, एकलकोंड्याचा. तो माझा."

ती हसली, पण तो शब्द काही तिच्या मनातून जाईना.

घरी ती दादा-वहिनीजवळ राहायची. सुट्टीच्या दिवशीही सकाळी फोन वाजायचा आणि ती बाल्कनीत जाऊन दार लोटून घ्यायची. वहिनीच्या नजरेतून सुटतंय कशाला!

"काय गं, केवढा मोठा पासवर्ड हा?" कपडे वाळत घालायच्या निमित्ताने वहिनी बाल्कनीत आली. "माझे मशीनभर कपडे धुऊन झाले, दुसरे लावून झाले, तुझा आपला चालूच."

"वहिनी, काम आहे ते!"

"मी कुठे नाही म्हणतेय? मी एवढंच म्हणते, की इतकं अवघड काम असेल तर त्याला घरीच बोलाव. समोर बसून सांगेल बिचारा."

तिने ओला टॉवेल उचलून वहिनीच्या अंगावर टाकला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्या झाल्याच.

दोन मजल्यांच्या मधोमध, जिन्याच्या वळणावर, एक खिडकी होती. तिची कडी तुटलेली, त्यामुळे ती कधी पुरती लागायची नाही आणि वाऱ्याने हलत राहायची. दुपारी कॉफीचे कागदी पेले घेऊन दोघं तिथे उभे राहायचे. मशीनमधली कॉफी अतिशय भिकार असायची. ती आपल्याला का आवडायला लागली, याचा विचार तिने टाळला होता.

"लॉगिन चालू झालं, की मी निघणार," एके दुपारी तो म्हणाला. "कायमचा. टीम बघणाऱ्या मॅडमना हे आधीच सांगून मी काम घेतलंय."

पेला तिच्या ओठाशीच राहिला. "कुठे?"

"घरी, गावी. आईला मागच्या वर्षी झटका येऊन गेला. तशी आता बरी आहे. डावा हात ऐकत नाही, पण तोंड पहिल्यासारखं चालतं. परवा फोनवर मला म्हणाली, मोजे तरी जोडीने घालतोस का रे?" तो हसला. "ताई आहे तिच्याजवळ, बाबा आहेत. पण ताई एकटी किती करणार? तिचाही संसार आहे. मी तिथे बसूनच मिळेल ते काम करीन."

"बरोबर आहे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार! "मग… कधीपर्यंत होईल असं वाटतं?"

"ते तुझ्या हातात आहे."

"तुझ्या म्हणालास…"

"म्हणालो खरा." तो खिडकीबाहेर बघत होता. "परत घेऊ का?"

"नको," ती म्हणाली. खिडकी वाऱ्याने आपटली आणि दोघंही उगाचच दचकले.

आणि मग त्याच आठवड्यात तिला उत्तर सापडलं.

तसं ते तिथेच पडलेलं होतं, कुणी पाहिलं नव्हतं इतकंच. त्याच्या रिपोर्टच्या लायब्ररीची एक किरकोळ वाटावी अशी नंतरची आवृत्ती निघाली होती. त्या आवृत्तीने जुनी मदतनीस लायब्ररी वेगळ्या नावाने आपल्याच पोटात घेतली होती. म्हणजे बाहेर नवी खुशाल राहू दे, आतली जुनी तिच्या वाटेला जाणार नव्हती. ॲपच्या सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलायची, बस. तिने आपल्या लॅपटॉपवर ती बदलून पाहिली. लॉगिनचं पान उघडलं. तिने आत शिरून रिपोर्ट मागवला. स्वच्छ, भरलेला, शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर रिपोर्ट समोर आला.

ती आनंदाने उठली. दारापर्यंत गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथे तिला कळलं, की आपण त्याला जायला सांगायला निघालोय.

ती परत येऊन बसली. बदललेली ओळ तिने होती तशी केली आणि स्वतःला म्हणाली, उद्या सांगू. एका दिवसाने काय बिघडतंय?

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "काय लॉगिनबाई, घोडं कुठे अडलंय?"

"अजून… थोडी चाचणी बाकी आहे," तिने सांगितलं.

"माझ्याकडेही रिपोर्ट अधूनमधून दगा देतायत," तो पलीकडून म्हणाला. "घाई नको."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. माझी बाजू सावरून घेतोय बिचारा, असं तिला वाटलं आणि तो आणखीच आवडला.

उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण नंतरचे दिवस इतके सुरेख गेले, की मनातली ती टोचणीही तिने त्या सुखात चालवून घेतली. ऑफिस सुटल्यावर तो तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला यायचा. बस आली, की दोघांना एकदमच काहीतरी महत्त्वाचं आठवायचं आणि मग पुढच्या बसची वाट बघावी लागायची. एकदा तिच्या बॅगेचा पट्टा तुटला तर त्याने भर रस्त्यात बसून तो वायर गुंडाळून जोडून दिला. तो इतका विद्रूप दिसत होता, की तिने नवी बॅग घ्यायचा विचारच सोडून दिला. एकदा जिन्यात दिवे गेले. अंधार काही फार नव्हता, दुपारच होती. तरी त्याने हात पुढे केला आणि तरी तिने तो धरला. दिवे आल्यावरही दोघांना ते कळलं नसावं.

"तुला एक विचारू?" तो म्हणाला होता.

"विचार."

"नको… लॉगिन झाल्यावर विचारतो."

"आणि लॉगिन झालंच नाही तर?"

त्याने तिचा हात जरा घट्ट धरला.

मग एका दुपारी ती त्याच्या खोलीच्या दारात पोचली तेव्हा तो फोनवर होता. पाठ दाराकडे.

"हो गं ताई, कळतंय मला… नाही, मुद्दाम नाही राहिलेलो. काम अडलंय. खरंच अडलंय… आईला दे ना जरा… झोपलीये? बरं, राहू दे. झाल्याबरोबर निघतो. शप्पथ."

ती दारातूनच मागे फिरली. ते "खरंच अडलंय" तिच्या अंगावर आलं. आपण कुणाचा तरी मुलगा धरून ठेवलाय, हे आतापर्यंत तिच्या मनात कधी इतक्या सरळ शब्दांत आलं नव्हतं. कॉफी घेताना सांगावं असं तिला वाटलं, पण त्या दुपारी तो गप्प गप्प होता आणि तिला धीर झाला नाही. सकाळी, तिने ठरवलं. सकाळी सगळ्यात आधी वर जायचं आणि सांगून टाकायचं. चिडला तर चिडू दे.

सकाळी ती लवकर आली. वर गेली. खुर्ची रिकामी होती, मशीन चालूच होतं.

"तो पहाटेच निघाला," मॅडम मागून येत म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "आई गेली त्याची. दुसरा झटका आला म्हणे. ताईचा फोन आला होता."

ती खाली गेली, फाइल उघडली आणि ती एक ओळ बदलली. दुपारपर्यंत लॉगिन चालू झालं. मॅडम तिच्या मागे उभ्या राहून स्क्रीन बघत होत्या.

"एवढंच होतं?" त्या हळहळून म्हणाल्या. "अगं, हे जरा आधी सापडलं असतं तर पोचला तरी असता पोरगा."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणूनच ते इतकं लागलं. तिने वहिनीला घरी जाऊन सगळं सांगितलं. वहिनीने या वेळी थट्टा केली नाही, नुसतं जवळ घेतलं. त्याच्याकडून एवढाच निरोप आला होता, "पोचलो. उशीर झाला." त्यानंतर तिने केलेला एकही फोन त्याने उचलला नाही.

बऱ्याच दिवसांनी तो ऑफिसला आला. मशीन मॅडमच्या ताब्यात द्यायचं होतं, सामान न्यायचं होतं. ती वर गेली तेव्हा तो वायरी गुंडाळत होता. गाल आत गेले होते, दाढी वाढली होती. तिला पाहून तो उठला, पण पुढे आला नाही.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "मधे बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही." आणि तिने सांगितलं. ती नंतरची आवृत्ती, ती एक ओळ, आपण ती बदलून पाहिली आणि परत होती तशी केली, रोज मीटिंगमध्ये तोंडाला कुलूप लावून बसलो. "तू जाऊ नयेस म्हणून. एवढंच. मला वाटलं, आई बरी आहे, चार दिवस इकडे तिकडे झाले तर… माझ्यामुळे तुझी आणि आईची भेट हुकली. मला माफ कर, असं म्हणायचीसुद्धा मला लाज वाटते."

त्याने हातातली वायर टेबलावर ठेवली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ती आवृत्ती. ती ओळ. माझीच लायब्ररी ना ती? तुला सापडायच्या आधीच मी चालवून बघितली होती."

तिला क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि ती पहिल्या दिवशीच्या त्या डुगडुगत्या खुर्चीत बसली.

"मीटिंगमध्ये तू चाचणी बाकी आहे म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हिला अजून सापडलं नाही." तो कोरडं हसला. "मग मीही रिपोर्टचं खोटं सांगितलं. रोज सांगत होतो. तुला काय विचारायचं होतं ते मनात जुळवत होतो आणि आणखी एक दिवस घेत होतो. ताईने फोन करकरून विचारलं. आणि परवा, सगळे गेल्यावर, तिने पुन्हा एकदा विचारलं. खरं सांग, काम एवढं अडलं होतं का रे? मी हो म्हणालो."

बाहेर जिन्यात कुणीतरी हसत खाली गेलं. तिला रडू आवरत नव्हतं आणि तिने ते आवरलंही नाही.

"म्हणून फोन उचलत नव्हतास?"

"तुझं नाव दिसलं, की ते 'हो' आठवायचं. आणि फोन थांबला, की तूच आठवायचीस." त्याचा आवाज फुटला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे गं. हेच विचारायचं होतं, तुझं आहे का म्हणून. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी बोलता आलं असतं, तर मी तेव्हाच निघून गेलो असतो आणि आईला सांगितलं असतं, की एक मुलगी भेटलीये. ती किती खूश झाली असती!"

"आहे," ती म्हणाली. "तेव्हापासून आहे."

दोघांच्या मधे एक टेबल होतं, वळसा घालून यायला दोन पावलं पुरली असती. कुणी आलं नाही.

"बाबा जेवत नाहीत," तो म्हणाला. "ताई समोर बसली तर दोन घास खातात, नाहीतर ताट तसंच. मला म्हणाले, आता तू आलास ना, मग राहा. आणि तरी मी आज इथे येताना वाटेत काय ठरवत होतो, माहितीये? मॅडमकडे इथलंच काम मागायचं. आणखी थोडे दिवस." त्याने तिच्याकडे पाहिलं, परत आल्यापासून पहिल्यांदाच सरळ. "तू थांब म्हणालीस तर मी आत्ताही थांबेन. माझा माझ्यावर भरवसाच नाही राहिला. म्हणून तुलाच विचारतो. थांबू?"

थांब म्हणायला तिचा जीव आतल्या आत ओरडत होता. त्याचा दाढी वाढलेला गाल, दमलेले खांदे, तो विचारताना जरासा पुढे आलेला हात… सगळं तिला आपल्याजवळ ठेवून घ्यायचं होतं, आत्ता, कायमचं. मागे काहीही न बोलता तिने त्याला थांबवलं होतं. आता एक शब्द बोलायचा होता, आणि तो तिने डोळे पुसून, त्याच्याकडे बघत, स्पष्ट उच्चारला.

"जा," ती म्हणाली. "लगेच नीघ. जेवणाच्या वेळेपर्यंत पोचशील, बाबा थांबले असतील."